जम बसण्याविषयी

माझा पणजोबा या गावात गुडघ्यांवर आला.
म्हणजे, स्टेशनात उतरला दोन पायांवरच,
एकोणीसशे सातच्या नोव्हेंबरात,
पण नंतर ज्यांनी ज्यांनी त्याला पाहिलं
त्यांनी वरून पाहिलं.

ओदोरिको पेलारिन. फ्रिउलीचा.
तिकडची नदी वर्षाचे दहा महिने नुसती गोट्यांची,
पांढऱ्या, करड्या, क्वचित हिरव्या.
इकडे डेन्मार्कात, स्केल्स्ट्रुपमध्ये, चिखल होता,
आणि नव्या डेअरीला हवी होती धुता येईल अशी जमीन.
लोक परदेशी जातात जमीन मिळवायला.
हा जमीन करायला आला.
पायाखालची वाळू सरकते म्हणतात माणसाच्या;
याने ती गोणीत भरून
आगगाडीत शेजारी बसवून आणली.

दुकानात त्याने मक्याचा भरडा मागितला.
"कोंबड्या किती?" दुकानदार म्हणाला.
त्याला प्रश्न कळला नाही. दोन बोटं दाखवली. किलो.
मग गावभर झालं,
इटालियनाकडे कोंबड्या आहेत, पण ओरडत कशा नाहीत?
पातेल्यातला तो पिवळा गोळा, दोऱ्याने कापलेला,
पहिल्यांदा पाहिला बोडिलने, माझ्या पणजीने.
हसली नाही. चाखून म्हणाली, मीठ कमी आहे.
आमचं घराणं सुरू होतं ते इथून.

सिमेंटचा जम बसायला अठ्ठावीस दिवस लागतात.
त्याचा बसायला किती लागले, कुणी मोजले नाहीत.
ओतायचा, दाबायचा, थांबायचा.
मग लांब दांड्याच्या दगडाने
पुढे, मागे, पाणी,
पुढे, मागे, पाणी,
शेवटी जवसाचं तेल,
तेव्हा कुठे गोट्यांची पोटं उघडायची.
"घासल्याशिवाय आतला रंग कळत नाही"
हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान,
आणि तेही खाटकाशी बिलावरून वाद घालताना.

एकदाच परत गेला. आई वारल्यावर, सहा आठवड्यांनी.
तिकडे भाऊ म्हणाला, तू बोलतोस परक्यासारखा.
इकडे जनगणनेच्या वहीतही तोच शब्द होता,
वेगळ्या भाषेत.
नवव्या दिवशी परतला. सीमेवर पिशवी उघडली.
दगड.
"कशाला?"
"तिकडे हिरवा मिळत नाही."

साठीत गुडघे गेले.
डॉक्टर म्हणाला, कॅथलिक ना तुम्ही?
फार प्रार्थना केलेली दिसते.
"केली," पणजोबा म्हणाला, "तुमच्याच इस्पितळात.
या दारापासून त्या दारापर्यंत."

तो कॉरिडॉर आता मी पुसते. रात्रपाळीला.
डेअरी पाडली, खाटकाच्या दुकानात मोबाइल विकतात,
फरशी तीच, वर पायपुसणं.
पण इस्पितळाची अख्खी आहे,
आणि एक्स-रेच्या खोलीपुढे तिसऱ्या दाराशी
एक हिरवा गोटा आहे, अंगठ्याएवढा.
ना नक्षीत, ना ओळीत.
आत्या म्हणायची, तिथे तो होता
जेव्हा धाकटी गेल्याचं सांगायला कुणीतरी आलं.
काका म्हणायचा, बादली कलंडली असेल.
मी दोन्ही मानते.
तिथे माझा मॉप जरा हळू होतो.
पहाटेचे चार वाजलेले असतात, थकव्यानेही होत असेल.

पुढच्या वर्षी इथे व्हिनाइल येणार आहे,
निळसर, पावलांचा आवाज खाणारं.
परवा इंजिनियर टेप घेऊन मापं काढत होता,
उकिडवा बसून, एक हात कमरेवर.
मी विचारलं, आणि खालचं?
तो वर न बघता म्हणाला,
"खालचं कुठे जातंय."